फ्रँकफर्ट म्हणजे आपलं नागोठणं

रोह्यात मला आजही दत्तू कंडक्टर म्हणतात. एसटी सोडून जमाना झाला. नंतर स्टँडसमोर गाळा घेऊन मी विमानाची तिकिटं विकली, अर्ध्या तालुक्याला मस्कत, दुबई, लंडन, टोरांटो दाखवलं, पण नाव काही बदललं नाही. दुकानाच्या पाटीवर मी हौसेनं विमान काढून घेतलं होतं. पेंटर हमरापूरचा, जन्मभर गणपतीचे डोळे रंगवलेला. त्यानं विमानालाही असे सुरेख डोळे काढले की येणारे-जाणारे पाटीला नमस्कार करायला लागले. मी म्हटलं, बाबा, पूस ते. तर म्हणतो कसा, "डोळे उघडल्यावर पुसत नाय." ते विमान शेवटपर्यंत तसंच बघत राहिलं आणि त्याच्याखाली बसून मी लोकांना जगातली अंतरं सांगत राहिलो. स्वतः एकदाही विमानात न बसता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, माझ्याकडे तर उंटसुद्धा नव्हता.

गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न पैशाचा नसायचा. "किती लांब हाय?" हा असायचा. मी सुरुवातीला रुबाबात किलोमीटर सांगायचो. मुंबई ते टोरांटो साडेबारा हजार किलोमीटर, असं म्हटलं की समोरचा माणूस मान हलवायचा आणि परत विचारायचा, "पण लांब किती?" मग माझ्या लक्षात आलं की किलोमीटर हे फक्त दगडावर लिहायचं असतं. माणसाला कळतात ते तास. आणि आमच्या माणसाला तासही कळतात ते पेण-रोह्याच्या हिशेबात. कारण त्याच रस्त्यावर तो लग्नाला गेलेला असतो, कोर्टात गेलेला असतो आणि दवाखान्यातही. मी त्याच रस्त्यावर घंटी मारत होतो. म्हणून मी सांगायचो, "दुबई म्हणजे दोनदा रोहा-पेण समज." बरोबर की चूक देव जाणे, पण गिऱ्हाईक समाधानानं उठायचं.

अंतराची एक गंमत सांगतो, कारण माझी सगळी विद्वत्ता तेवढीच. मुलाचा शाळेतला पृथ्वीगोल मी दुकानात आणून ठेवला होता आणि बायकोच्या शिलाई मशीनचा धागा. मुंबईवर एक टोक, टोरांटोवर दुसरं. धागा सैल सोडला तर तो अरबस्तानावरून, मोठ्या समुद्रावरून मजेत जातो. पण ताणून धरला की सरकत सरकत थेट वर, रशियाच्या डोक्यावरून बर्फात जाऊन बसतो. जवळचा रस्ता तोच. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी धागा तीन वेळा बदलून पाहिला. लोकांना तर पटायचंच नाही. धाटावच्या कंपनीतला एक शिफ्ट सुपरवायझर म्हणाला, "दत्तू, एवढं वरून कशाला नेतात? ड्रायव्हरचं घर हाय का तिकडं?"

दुसरी गोष्ट, अंतर तेच असलं तरी वेळ तोच नसतो. जाताना वारा समोरून, येताना पाठीवर. त्यामुळे अमेरिकेकडून परतणारा माणूस लवकर येतो. हे मात्र आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. वडखळ नाक्यावरच्या खोळंब्यात ज्यानं आयुष्य काढलंय, त्याला अंतर आणि वेळ यांचा काही संबंध नसतो हे आईच्या पोटातूनच ठाऊक असतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. नागोठण्याचे एक गुरुजी मुलाकडे लंडनला निघाले, तर म्हणाले, "उन्हाच्या बाजूची सीट नको." एसटीत हे विचारायची पद्धतच आहे, सकाळच्या गाडीला डावी की उजवी, हे आमच्याकडची पोरंही सांगतील. मी हसून सोडून द्यायला हवं होतं. पण माझ्यातला कंडक्टर जागा झाला. पृथ्वीगोल घेतला, कंदील घेतला आणि दुपारभर बसून सावलीची बाजू काढली. गुरुजी परत आल्यावर म्हणाले, "दत्ताराम, सावली उत्तम होती. विमान रात्रीचं होतं."

असा मी. आता सुभद्राकाकूंची गोष्ट ऐका, म्हणजे मी किती पोचलेला होतो ते कळेल.

सुभद्राकाकू कोलाडच्या आतल्या, डोंगराकडच्या गावातल्या. भात आणि वालाची शेती. नवरा तुकारामकाका, बोलणं कमी आणि बिडी जास्त. मी कंडक्टर असताना काकू टोपलीभर वालाच्या शेंगा घेऊन बाजाराला निघायच्या, रोहा ते पेण माझ्याच गाडीनं. त्यांची लेक कविता, तिचा नवरा सुरेश. तो धाटावच्या कंपनीत ऑपरेटर होता, तिथून कोणाच्या तरी ओळखीनं टोरांटोला गेला आणि वर्षभरानं कविताला घेऊन गेला. माझ्या दुकानात टेलिफोनचा बूथ होता. दर रविवारी सकाळी काकू आणि काका येऊन बाकावर बसायचे आणि कविताचा फोन यायचा. बूथला काच होती, पण ती नुसती दाखवायला. सगळं बाहेर ऐकू यायचं.

कविताला दिवस गेले होते. आधीचं एक सातव्या महिन्यात गेलं होतं, तिकडंच, परक्या मुलखात, जवळ बाईमाणूस कोणी नसताना. या खेपेला ती दर रविवारी एकच बोलायची, "आये, तू ये गो. मना भ्या वाटतं. तू असलीस तर होईल माझं." काकू आतून ओरडून सांगायच्या, "येतंय गो बाय, येतंय. तू रडू नको." आणि बाहेर आल्या की मला विचारायच्या, "दत्तू, किती लांब हाय रं?"

काका जाऊ शकत नव्हते. भातकापणी तोंडावर, घरात दोन बैल आणि एक गाभण म्हैस. म्हणजे काकू एकट्याच जाणार. व्हिसाला इतका उशीर झाला की तो हातात पडला तेव्हा कविताचे दिवस भरत आले होते. तिकीट मिळालं ते मुंबई-फ्रँकफर्ट-टोरांटो. एक दिवसही हातचा नव्हता. काकू पोचल्या तर पोचल्या.

आता आमच्या धंद्यात अशा प्रवाशासाठी एक जादूची कांडी असते, ती म्हणजे व्हीलचेअर. पाय धडधाकट असले तरी चालेल. भाषा न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी एजंट व्हीलचेअर सांगून ठेवतो. मग विमानतळावरचा माणूस खुर्ची घेऊन येतो, माणसाला बसवतो आणि एका विमानातून काढून दुसऱ्या विमानाच्या दारात नेऊन सोडतो. चुकायचा प्रश्नच नाही. मी काकूंसाठी ती सांगितली आणि निर्धास्त झालो. इथंच मी पहिली माती खाल्ली.

दुसरी माती जास्त मोठी. काकूंची भीती घालवायला मी काउंटरवर तीन चहाचे ग्लास मांडले आणि म्हटलं, "काकू, मुंबई म्हणजे पेण. टोरांटो म्हणजे आपलं रोहा. आणि फ्रँकफर्ट म्हणजे आपलं नागोठणं. अगदी निम्म्यावर."

काकूंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "आगं बाय! मंग सोपंच हाय की."

"सोपंच आहे. नागोठण्याला गाडी थांबली की उतरायचं. पाय मोकळे करायचे, चहा घ्यायचा. लांब जायचं नाय. गाडीवर नजर ठेवायची."

हे शेवटचं वाक्य मी नोकरीत असताना नागोठणं आलं की दर फेरीला ओरडायचो. तोंडात बसलेलं होतं, आलं. पुढच्या विमानाचं दार वेगळं असतं, ते विमानच वेगळं असतं, हे मी सांगितलं नाही. म्हटलं, खुर्चीवाला आहे ना! उगाच म्हातारीच्या डोक्याला ताप कशाला? अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल माझाच.

मी स्वतः जीपमधून विमानतळापर्यंत गेलो. काकू हिरवंगार नऊवारी नेसलेल्या, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, कमरेला पासपोर्ट-तिकिटाची पिशवी घट्ट बांधलेली. हातात एक मोठी कापडी पिशवी, तिच्यात बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू आणि बाळासाठी शिवलेली गोधडी. दारात मला म्हणाल्या, "तू घंटी मार आता." मी हातानंच दोनदा घंटी मारल्यासारखं केलं आणि त्या हसत आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुकारामकाका दुकानात हजर. धुतलेला सदरा, नवी टोपी. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला आले होते. काका बाकावर बसले.

"काका, काय काम काढलंत?"

"तूच बोल्लास ना, चार वाजता उतरंल."

"तिकडचे चार हो. तिकडचे चार अजून वाजायचेत."

काकांनी बिडी विझवली. "मंग ते कवा वाजतात?"

"आपल्या पहाटे. सूर्य आधी आपल्याकडे येतो, मग तिकडे जातो. आपण साडेदहा तास पुढं आहोत."

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा पाहून घेतलं. "म्हंजे ती आजून वाटंत हाय."

"वाटेतच आहे."

"मंग मी बसतो," काका म्हणाले. संध्याकाळी मी त्यांना बळंबळं त्यांच्या रोह्यातल्या पुतण्याच्या घरी पाठवलं. तर सकाळी शटर उघडायला आलो तेव्हा स्वारी माझ्या आधी पायरीवर बसलेली. पोरीकडं म्हातारी पोचली एवढं ऐकायचं आणि कापणीला पळायचं, असा बेत. आम्ही आत शिरतोय तोच फोन वाजला. सुरेश होता.

"दत्ताभाऊ, आई उतरल्याच नाहीत. विमान आलं, सगळी माणसं बाहेर पडली, मी शेवटपर्यंत उभा होतो. आणि इकडे कविताला कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात ठेवलंय. ती कोणाला हात लावू देईना, नुसती आय कुठं, आय कुठं करते. मी काय सांगू तिला?"

मी सुरेशला काय बोललो ते आठवत नाही. फोन ठेवला तर काका समोर उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं, कारण ती काच. शिव्या घालतील, गचांडी धरतील असं वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते नुसते खाली बसले आणि म्हणाले, "तिला तिकडं कोण वळखतं रं?"

मग म्हणाले, "दत्तू, नागोठण्याला कोणी मागं राहिलं तर तू काय करायचास?"

"पुढच्या स्टँडवरून फोन करायचो. हिरव्या लुगड्यातली बाई राहिलीय, मागच्या गाडीत बसवा."

"मंग कर की."

केला. विमान कंपनीच्या मुंबईच्या हपिसात कोणी फोन उचलेपर्यंत माझी बोटं दुखली. एक भला माणूस भेटला. त्यानं वर्णन विचारलं. मी म्हटलं, हिरवं नऊवारी, मोठं कुंकू, आणि जिथं असेल तिथं गाडीकडे बघत उभी असेल. "कसली गाडी?" तो म्हणाला. "विमान हो, विमान," मी म्हटलं. दुपारी त्याचा फोन आला. सापडल्या होत्या. आज पुढच्या विमानात त्यांची जागाही केली होती. "पण पंचाईत अशी आहे," तो म्हणाला, "की बाई कालपासून एका काचेजवळून हलायला तयार नाहीत. कोणी हात धरला की ओरडतात. आजचंही विमान चुकणार, आणि जबरदस्ती करता येत नाही. तिथून तुमच्याकडे फोन जोडून देतो. तुम्ही समजवा."

फोन जोडला गेला. खरखर, मग कोणाचं तरी परकं बोलणं, आणि मग काकूंचा आवाज. इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"दत्तू, माझी गाडी गेली रं. मी नजर ठेवली व्हती. ट्रॅक्टर आला आणि गाडी वडून घेऊन गेला. ती परत येईल, मी हितंच हाय."

मी म्हटलं, "काकू, ती गाडी नाही यायची. दुसरं विमान आहे. ती माणसं सांगतात तसं करा, त्यांच्याबरोबर जा."

"मी नाय हलायची. तूच बोल्लास लांब जायचं नाय. हलले आणि गाडी आली तर?"

मी कनेक्टिंग फ्लाइट म्हणजे काय ते सांगितलं. गेट म्हणजे काय ते सांगितलं. कविताला कळा सुरू झाल्यात हेही सांगून बसलो, तर त्या रडायलाच लागल्या आणि आणखी घट्ट झाल्या, "आता तर मी आजाबात हलणार नाय. ही पन गाडी चुकंल." वीस वर्षांची माझी विद्या, पृथ्वीगोल, धागा, सगळं समोर होतं आणि एकाचाही उपयोग नव्हता. घामानं रिसीव्हर निसटायला लागला. आणि मग, कसं सुचलं माहीत नाही, मी स्टँडवर ओरडायचो त्या आवाजात ओरडलो.

"काकू! मी दत्तू कंडक्टर बोलतोय! तुमची गाडी फेल झालीय. डेपोत नेली. मागून दुसरी गाडी येतेय, ती पलीकडच्या फलाटाला लागेल. त्याच तिकिटावर बसायचं, नवीन तिकीट नाय. चला, उतारू पुढं व्हा!"

पलीकडचं रडणं थांबलं. मग, "फेल झाली व्हय? मंग आधी नाय सांगायचं?"

"आता सांगतोय ना."

"जागा मिळंल काय पन? मागच्या गाडीला गर्दी आसंल."

"मिळेल. तुमच्या जागेवर रुमाल मी टाकलाय."

काकांनी माझ्या हातातून फोन घेतला. आयुष्यात पहिल्यांदा ते फोनवर बोलत होते, त्यामुळे तो त्यांनी तोंडासमोर माइकसारखा धरला. "पोर वाट बघते," ते म्हणाले. "नीघ." आणि फोन माझ्याकडे दिला. तोवर तिकडे कोणी नव्हतं.

ती रात्र कशी गेली ते मी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंही शटरसमोर होतो. फोन वाजला तेव्हा मी उचलला नाही, काकांनाच पुढं केलं. आतून पहिला आवाज आला तो तान्ह्या पोराच्या रडण्याचा. मग काकूंचा, नेहमीचा, शेताच्या बांधावरून हाक मारल्यासारखा. "आवो, मुलगी झाली! मी पोचले तवा आत्ता व्हईल नंतर व्हईल चाललं व्हतं. कवितानं माझा हात धरला आनि झालीच!" काकांनी फोन ठेवला. बाहेर आले, टॉवेलनं नाक शिंकरलं, टोपी काढली आणि पाटीवरच्या डोळेवाल्या विमानाला वाकून नमस्कार केला. मी उभा होतो बाजूलाच, पण मला नाही केला. योग्यच होतं.

काय घडलं होतं ते काकू सहा महिन्यांनी परत आल्यावर कळलं. भर दुकानात, दहा माणसांसमोर सांगितलं त्यांनी. व्हीलचेअर मुंबईलाच आली होती. काकूंनी खुर्चीवाल्याला हाकलून दिलं. "लेकीच्या बाळंतपणाला चाललेली बाय लंगड्यासारखी खुर्चीत बसून जाईल? आपशकुन नाय?" खुर्चीवाल्यानं आनंदानं नावावर काट मारली. पुढं फ्रँकफर्टला विमान थांबलं, तर यांनी कापडी पिशवी आपल्या सीटवर ठेवली, वर रुमाल टाकला आणि पाय मोकळे करायला उतरल्या. बाहेर आल्यावर मोठी काच दिसली, काचेतून गाडी दिसली. तिथं उभ्या राहिल्या त्या राहिल्या. ट्रॅक्टर लागून विमान मागं जायला लागलं तेव्हा एसटीच्या पत्र्यावर मारतात तशा त्यांनी काचेवर दोन्ही हातांनी थापा मारल्या, "ओ, थांबवा! बाई राहिली!" पोलीस धावत आले. मी हे ऐकताना पाटीखाली तोंड लपवायला जागा शोधत होतो आणि दुकानातले लोक हसून लोळत होते.

"राती कोणी नव्हतं काय जवळ?" काकांनी विचारलं. ते हसत नव्हते.

"व्हती की. एक काळी बाय व्हती, लादी पुसायची. तिनं मना चहा आनला. तिची भाषा मना नाय, माझी तिला नाय. तिनं बोटं दाखवली, चार पोरं. मी एक बोट दाखवलं आनि पोटावर हात फिरवला. तिला समजलं. जाईपर्यंत बसली माझ्याजवळ." काकू माझ्याकडे वळल्या. "तुझं नागोठणं काय आगदीच खोटं नव्हतं रं. माणूस भेटला."

आणि ती पिशवी? रुमालानं जागा धरली ती पक्की धरली. विमान परत मुंबईला आलं असावं, आणि पिशवीवर माझ्या दुकानाचा पत्ता शिवलेला होता, म्हणून ती दोन आठवड्यांनी माझ्याच काउंटरवर येऊन पडली. पेणहून निघालेली पिशवी नागोठण्यावरून परत पेणला. गोधडी मी पुढच्या महिन्यात टोरांटोला निघालेल्या एकाबरोबर पाठवली, पण बाळाला पहिल्या दिवशी आजीची गोधडी मिळाली नाही याची चुटपुट मला आहेच. लाडू राहण्यासारखे नव्हते. बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू तुकारामकाकांनी आणि मी दुकानाच्या बाकावर बसून संपवले. तब्येत दोघांचीही छान सुधारली.

रोह्यात त्यानंतर कोणाची गाडी चुकली की ‘फ्रँकफर्ट झालं’ म्हणायची पद्धत पडली. कॉलेजची पोरं म्हणतात, त्यांना कारण माहीत नाही. मी कोणाला सांगायलाही जात नाही.

दुकान बंद केलं त्याला आता बरीच वर्षं झाली. तिकिटं लोक मोबाइलवर काढतात, अंतरही त्यातच बघतात. तुकारामकाका गेले. माझी मुलगी लग्न होऊन अमेरिकेत गेली आणि गेल्या वर्षी हट्टाला पेटली की बाबा, आता तरी विमानात बसा. तिकीट तिनंच काढलं. मधला थांबा बघितला तर फ्रँकफर्ट. मी गुपचूप तिला सांगून व्हीलचेअर मागवली. गुडघे उत्तम आहेत माझे, रोज कुंडलिका नदीच्या पुलापर्यंत चालत जातो. पण भीतीला गुडघे नसतात.

फ्रँकफर्टला खुर्चीवाल्या पोरानं मला एका कोपऱ्यात आणून सोडलं, बोटानं ‘थांबा’ अशी खूण केली आणि गेला. समोर ती काच. तीच असेल असं नाही, तिथं काचाच काचा आहेत. पण मी उठलो आणि जाऊन उभा राहिलो. बाहेर मी आलो ते विमान उभं होतं. आजूबाजूला शेकडो माणसं आणि एक अक्षर कळेना. खुर्चीवाला पोरगा काही येईना. मग खरंच ट्रॅक्टर आला, विमानाला लागला आणि ते मागं सरकायला लागलं. मला पक्कं ठाऊक होतं की माझं पुढचं विमान वेगळं आहे. हेच विकून मी मुलं शिकवली. तरी माझा हात आपोआप काचेवर गेला. आणि मी चक्क रडलो. इथं ती बाई रात्रभर उभी होती, लेक तिकडे कळा देत असताना, आणि मी तिला चहाचे ग्लास मांडून सोपं आहे म्हणालो होतो.

मोबाइल काढून कोलाडला फोन लावला. शेजारच्या पोरानं उचलला आणि काकूंच्या कानाला धरला. आता त्यांना कमी ऐकू येतं.

"काकू, मी दत्तू. नागोठण्याहून बोलतोय."

"कुठनं?"

"नागोठण्याहून! काचेजवळ उभा आहे. माझी गाडी ट्रॅक्टरनं ओढून नेली."

काकू हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. "चहा घेतलास?" म्हणाल्या.

"नाही अजून. काकू, खुर्चीवाला येत नाही. मागच्या गाडीत जागा मिळेल ना?"

"मिळंल रं," म्हातारी म्हणाली. "रुमाल मी टाकलाय."